चार्टवरची शेवटची ओळ मला वाचता येते, रस्त्याची उजवी बाजू दिसत नाही

प्रति,
दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळांवरचे सर्व डॉक्टर,
आणि या प्रमाणपत्राचे निकष ठरवणारे केंद्र व राज्य शासनातले अधिकारी यांस

सादर नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत १७ वर्षं क्लार्क होते. वय ४३. गेल्या महिन्यात बोर्डाचा कागद दुसऱ्यांदा हातात आला. त्यावर दृष्टिदोषापुढे ० टक्के असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, पुढे काही शेरा असेल आणि तो माझ्या नजरेतून सुटला असेल, कारण माझं तसं होतं. म्हणून मान उजवीकडे वळवून कागदाच्या कडेपर्यंत पुन्हा बघितलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

अर्ज-विनंत्या करून झाल्या, म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारखी माणसं प्रत्येक तालुक्यात असणार. त्यांना स्वतःच्या आजाराचं नावही माहीत नसेल, तर त्यांनी हे वाचावं अशीही इच्छा आहे.

२०२१ पासून माझं डोकं दुखायचं. दुखायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं उजव्या बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखं चमकायचं. नेहमी उजव्याच बाजूला. अर्धशिशी म्हणून गोळ्या चालू होत्या. अर्धशिशीतही अशी चमक दिसते, पण पुष्कळांना ती कधी या बाजूला दिसते, कधी त्या. दरवेळी एकाच बाजूला दिसत असेल तर मेंदूचा फोटो काढून बघावा, हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणी बाजू विचारली नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

मग आला मार्च २०२३. मार्चअखेरीला पतसंस्थेत मान वर करायला वेळ नसतो. दुपारी तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळवत होते. डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी फुटल्यासारखी कळ आली, पाठोपाठ उलटी झाली, आणि समोर उघडलेल्या कीर्दीची नावे बाजू नाहीशी झाली. जमा बाजूचे आकडे स्वच्छ दिसत होते. उजवीकडचं पान फाटलं की काय म्हणून मी हाताने चाचपलं. कागद बोटांना लागत होता.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन. सगळे एव्हीएम म्हणतात. मेंदूतल्या धमन्या आणि शिरा यांचा हा गुंता असतो. एरवी धमनीतलं रक्त केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात शिरतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते शिरेत उतरतं. गुंत्यात मधलं जाळंच नसतं. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर पाटाचं पाणी सरीत न शिरता थेट ओढ्याला जातं. सरीतलं पीक तहानलेलं राहतं, आणि ओढ्याच्या काठाला तो जोर सोसत नाही म्हणून एक दिवस काठ फुटतो. हा गुंता बहुधा जन्मापासूनच असतो असं मानतात. तो फुटून रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के धरतात. कित्येकांना तो आहे हे आयुष्यभर कळत नाही. माझा फुटला.

तो डाव्या बाजूला, डोक्याच्या अगदी मागे, ऑक्सिपिटल लोबमध्ये होता. जेमतेम ३ सेंटिमीटरचा. आधी मांडीतल्या धमनीतून नळी वर नेऊन त्यात गोंदासारखं औषध भरलं, मग कवटी उघडून तो काढला. जीव वाचला. ज्यांनी वाचवला त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. त्यांनीच मला स्पष्ट सांगितलं होतं की नजर परत यायची ती पहिल्या काही महिन्यांत येते, सहा महिन्यांनंतर फारशी आशा धरू नका. माझी आली नाही.

डोळ्यांत दोष नाही आणि तरी दिसत नाही, हे समजावून सांगताना मी थकते. तरी पुन्हा सांगते. समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग, तो उजव्या डोळ्याने बघा नाहीतर डाव्या, डाव्या मेंदूकडे जातो. डावा अर्धा भाग उजव्या मेंदूकडे जातो. मेंदूच्या मागचा डावा तुकडा गेला की दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते. याला होमोनिमस हेमिअनोपिया म्हणतात. पहिले काही दिवस मलाही वाटत होतं की उजवा डोळा गेला. पण उजवा डोळा झाकला, तरी डाव्याने उजवीकडचं दिसेना. नर्सबाईंनी माझ्यासमोर बसून स्वतःची बोटं हलवून दाखवली तेव्हा समजलं.

तिथे अंधार दिसतो का, असं लोक विचारतात. अंधार नाही. तुम्हाला पाठीमागचं जसं दिसत नाही, तसं मला उजवीकडचं दिसत नाही. काळं नाही, धूसर नाही, तिथे काही आहे ही जाणीवच नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासूबाई ताट वाढून द्यायच्या. मी चटणी, कोशिंबीर, लोणचं, पोळी खाऊन ताट सारायचे. चार दिवसांनी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "माझ्या हातची भाजी आता नकोशी झाली का गं तुला?" भाजी आणि आमटी ताटात उजवीकडे असते. मला वाटत होतं की पथ्याचं म्हणून त्या भाजी वाढतच नाहीत. त्या दिवशी त्यांनी ताट अर्धं फिरवलं आणि वाटीभर वांग्याची भाजी माझ्यासमोर आली.

कामावर परत गेले. सव्वा लाखाची ठेव साडेबारा हजार म्हणून चढवली. शेवटचं शून्य नजरेच्या पलीकडे राहिलं. संध्याकाळी तेरीज जुळेना, दोघी-तिघी रात्री ९ पर्यंत शोधत बसल्या. कुणी एका शब्दाने बोललं नाही. मीच दुसऱ्या दिवशी काउंटर सोडला. लोकांच्या पैशाचं काम आहे, तिथे माझ्या मनाची समजूत घालून भागणार नव्हतं.

आता तुमच्याकडचं.

पहिल्यांदा बोर्डापुढे आले तेव्हा मला सहा मीटरवरचा चार्ट वाचायला लावला. मी शेवटची ओळ वाचली. दोन्ही डोळे ६/६. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, दुसऱ्याची जागा का अडवता?" मी एमआरआयची सीडी पुढे केली. ती मेंदूची आहे, पलीकडच्या टेबलावर दाखवा, म्हणाले. पलीकडच्या टेबलावर हातापायांची ताकद बघितली, ती चांगली निघाली. हे डोळ्यांचं आहे, त्या टेबलावर जा, असं तिथे सांगितलं. दोन टेबलांत चार पावलांचं अंतर होतं. त्यात वाटेतल्या खुर्चीला माझी उजवी मांडी आपटली. ती खुर्ची मला कोणत्याच टेबलावरून दिसली नव्हती, आणि मी आपटले हे दोन्ही टेबलांवरून दिसलं असणार.

समोर बसून बोटं हलवून बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. ते कुणी केलं नाही.

मी त्या एका डॉक्टरांना दोष देत बसणार नाही. बाहेर सव्वाशे माणसांची रांग होती, म्हाताऱ्या आया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. पण चार्ट वाचून घेणं म्हणजे नजर तपासणं नव्हे, हे डॉक्टरांना मी सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. चार्टमुळे नजरेचा मधला टोकदार भाग कसा आहे ते कळतं. बाजूचं कळत नाही. त्यासाठी फील्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री आहे.

दुसऱ्यांदा येताना ती स्वतःच्या पैशाने करून आणली. दोन्ही डोळ्यांचे नकाशे, दोन्हींची उजवी बाजू काळी. मधोमध एक बारीकसा तुकडा वाचलेला. या वेळी डॉक्टर चांगले होते, त्यांनी कागद लक्ष देऊन बघितला, तक्ता उघडला आणि तक्त्यावर बोट ठेवून मला दाखवलं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधला तक्ता. दोन्ही डोळे ६/६ ते ६/१८ मध्ये असतील तर ० टक्के. ४० टक्क्यांच्या ओळीत हेमिअनोपियाचा उल्लेख आहे, पण मॅक्युलापर्यंत पोचलेला हेमिअनोपिया हवा. माझा मॅक्युला, म्हणजे नजरेचा अगदी मधला ठिपका, वाचलेला आहे. "मला समजतंय, पण ओळ सापडत नाही," असं ते म्हणाले. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

मधला ठिपका का वाचतो? मेंदूच्या मागच्या टोकाला पुष्कळदा दोन बाजूंच्या धमन्यांचं रक्त मिळतं, आणि मधल्या नजरेसाठी तिथे जागाही फार मोठी राखलेली असते. त्यामुळे मेंदूच्या मागच्या भागातल्या दुखापतीत मधला ठिपका वाचणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे तक्त्यात हेमिअनोपियाचं नाव घातलं, आणि अट अशी घातली की तो असलेले बरेचजण बाहेर राहतील. त्या वाचलेल्या ठिपक्याच्या जोरावर मी चार्टवरचं एक अक्षर वाचते. ओळ वाचताना पुढचा शब्द कुठे आहे ते दिसत नाही, कारण आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि माझी नजर नेमकी उजवीकडे संपते.

कायद्यातली दुसरी मोजणी अंशांची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या अनुसूचीत नजरेचं क्षेत्र ४० अंशांहून कमी उरलं तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी उरलं तर अंधत्व धरलं आहे. नळीतून बघितल्यासारखी चारी बाजूंनी आवळत गेलेली नजर या मापाने बरोबर मोजली जाते. काचबिंदूवाल्यांना ते लागू पडतं, आणि पडायलाच हवं. माझं क्षेत्र चारी बाजूंनी आवळलेलं नाही, उभं चिरलेलं आहे. डावीकडे मला ९० अंशांपर्यंत दिसतं. उजवीकडे मधल्या ठिपक्याच्या पुढे काही नाही. दोन्हींची बेरीज केली की आकडा भरपूर भरतो, आणि तरी उजवीकडून येणारी मोटारसायकल मला अंगावर आल्यावरच कळते.

या तपासणीचा इतिहास शोधताना एक गोष्ट वाचली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०४-०५ मध्ये रशिया आणि जपानचं युद्ध झालं. डोक्याच्या मागून गोळी आरपार गेलेले आणि तरीही जगलेले जपानी सैनिक परत आले. त्यांची नजर किती गेली ते ठरवायचं काम तात्सुजी इनोउये नावाच्या तरुण नेत्रतज्ज्ञाकडे होतं. कशासाठी? पेन्शन ठरवण्यासाठी. म्हणजे आज तुम्ही बोर्डावर जे करता तेच काम. त्यांनी प्रत्येकाच्या नजरेचं क्षेत्र काढलं, गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली ते मोजलं, आणि मेंदूच्या मागच्या भागात कुठे काय दिसतं याचा नकाशा १९०९ मध्ये छापला. डोळा धड असताना मेंदूच्या दुखापतीने अर्धी नजर जाते, हे एका बोर्डाच्या डॉक्टरने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवलं आहे.

० टक्क्यांनी तुझं असं काय अडलं, असं नातेवाईकही विचारतात. मी एसटीच्या सवलतीसाठी भांडत नाही. २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहेच. मला कागद हवा आहे तो संस्थेला दाखवायला, की हिला मोठा स्क्रीन द्या, आकड्यांऐवजी वसुलीच्या फोनचं किंवा सभासद नोंदणीचं काम द्या. संस्थेची तयारी आहे, पण संचालकांच्या बैठकीत ठराव करायला त्यांना आधार लागतो. ० टक्क्यांवर ठराव होत नाही. बाजारात मी माणसांना धडकते तेव्हा लोक काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही. शिकलेल्या एका बाईंनी तर माझ्या मुलीसमोर विचारलं, "आई पिते का गं?" मुलगी नववीत आहे. तेव्हापासून ती बाजारात माझ्या उजव्या बाजूने चालते, माझा दंड धरून.

याहून गंभीर गोष्ट वॉर्डातल्या शेजाऱ्याची. तो टेम्पो चालवायचा. रक्तस्राव वेगळ्या कारणाने झालेला, पण माझ्यासारखीच अर्धी नजर गेलेली, त्याची डावी. त्यालाही कुठेतरी चार्ट वाचायला लावला, ६/६ लिहिलं, आणि नजर उत्तम आहे असं समजून तो घरी गेला. कमावणारा तो एकटाच. त्याने पुन्हा स्टिअरिंग धरलं तर तो खोटं वागला असं मी म्हणणार नाही, कारण त्याच्या हातातला सरकारी कागदच सांगतो की नजर पूर्ण आहे. ० लिहून त्याचा हक्क तर गेलाच, पण रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाचाही त्यात प्रश्न आहे. मी स्कूटी विकून टाकली. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

कायदा तुमच्या बाजूचा नाही, आमच्या बाजूचा आहे, असं माझं वाचन सांगतं. कलम २ मध्ये दिव्यांग व्यक्तीची व्याख्या दिली आहे. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव, जी अडथळ्यांशी गाठ पडल्यावर माणसाला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरू देत नाही. त्यात चार्ट नाही, अंश नाहीत. कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकारही आहेत. टक्केवारी नंतर येते, हक्कांसाठी ४० टक्क्यांची अट ठेवली म्हणून. २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता टक्क्यांचा आकडा बघून निकाल देऊ नका, माणूस काय करू शकतो ते तपासा. तो खटला प्रवेश नाकारल्याचा होता, माझी गोष्ट वेगळी आहे, पण आकड्यामागचा माणूस बघायचा हे तत्त्व दोन्हीकडे लागू व्हावं.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते.

१. ज्याच्या कागदांत मेंदूतला रक्तस्राव, गाठ, एव्हीएम, पक्षाघात किंवा डोक्याची शस्त्रक्रिया आहे, त्याची फील्ड टेस्ट झाल्याशिवाय दृष्टीची टक्केवारी लिहू नये. मशीन नसेल तर बोटांनी तपासून पुढे पाठवावं. खर्च अर्जदारावर टाकू नये.

२. अशा अर्जदाराला नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकाच वेळी, एकाच टेबलावर बघावं. न्यूरोचे डॉक्टर जिल्ह्यात नसतील तर व्हिडिओवर बोलवावं. रुग्णाला टेबलांमध्ये फिरवू नये.

३. तक्त्यातली मॅक्युलाची अट काढावी. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू पूर्ण गेली असेल तर त्यासाठी स्वतंत्र ओळ असावी. ती ठरवताना आम्हाला रस्ता ओलांडायला, परिच्छेदभर वाचायला आणि गर्दीतून चालायला लावून बघा. ही मागणी दिल्लीने पुरी करायची आहे हे मला माहीत आहे. राज्याने ती लेखी कळवावी, एवढं राज्याच्या हातात आहे.

४. नकार द्यायचा असेल तर मराठीत, कारणासह, तक्त्याच्या कोणत्या ओळीमुळे नाकारलं ते लिहून द्यावं. कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. ते कुणाकडे करायचं, त्याचा पत्ता त्याच कागदावर छापावा. माझ्या कागदावर तो नाही.

५. टक्केवारी काहीही निघो, वाहन चालवू नका हे त्या कागदावर ठळक लिहावं आणि घरच्या माणसाला बोलावून सांगावं.

६. नजर फिरवायचा सराव शिकवायची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी हवी. गेलेला भाग परत येत नाही, पण डोळे सारखे उजवीकडे नेत राहायची सवय लावता येते. मला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी वहीचं पान आडवं धरून, वरून खाली वाचायला शिकवलं. अक्षरं आडवी दिसतात, पण ओळ डोळ्यांसमोर खाली उतरत जाते, तुटत नाही. हे पत्र मी तसंच वाचून तपासलं आहे. ही युक्ती मला दीड वर्षाने आणि योगायोगाने कळली. ती डिस्चार्जच्या दिवशी कळायला हवी होती.

अपील करायचं ठरवलं आहे, त्यामुळे पुन्हा तुमच्यापुढे येईन. फील्डचा कागद, एमआरआय, ऑपरेशनचे कागद, सगळं घेऊन येईन. तेवढी एक विनंती आत्ताच करून ठेवते. जे डॉक्टर माझ्याशी बोलणार असतील त्यांनी माझ्या डाव्या हाताला बसावं, आणि दारापासून टेबलापर्यंत उजव्या बाजूला खुर्ची ठेवू नये.

आपली,
पतसंस्थेतली एक माजी क्लार्क
सांगली जिल्हा